हेकरूचे गोत्र : अर्धवट राहिलेल्या वह्यांचा इतिहास

१/
सप्टेंबर १७६३ मध्ये मोखा बंदराहून निघालेले एक जहाज मुंबईला लागले. डेन्मार्कच्या राजाने १७६१ साली अरबस्तानाच्या अभ्यासासाठी सहा जणांची मोहीम धाडली होती. त्यांपैकी केवळ दोघे मुंबईत उतरले. भाषापंडित फोन हावेन मोख्यातच वारला होता. निसर्ग-अभ्यासक पेटर फोर्सकाल येमेनच्या डोंगराळ भागातील यरीम गावी हिवतापाने गेला होता. चित्रकार बाउरेनफाइंड आणि सेवक बेर्गग्रेन यांनी मुंबईच्या वाटेवर, भर समुद्रात प्राण सोडले. उरलेल्या दोघांपैकी वैद्य क्रामर पुढच्या फेब्रुवारीत मुंबईतच मरण पावला. मागे राहिला एकटा कार्स्टेन नीबुर. तो मोजणीदार होता. मासे, वनस्पती यांच्याशी त्याचा संबंध नव्हता.

२/
१७६४ च्या अखेरीपर्यंत नीबुर मुंबईत राहिला. घारापुरीच्या लेण्यांची त्याने केलेली मोजमापे आणि रेखाटने प्रसिद्ध आहेत. त्याच्या माथी आणखी एक ओझे होते, ते मात्र फारसे ठाऊक नाही. मृत मित्राची टिपणे त्याला जपायची होती. फोर्सकालने तांबड्या समुद्राकाठी कोळ्यांकडून मिळवलेल्या माशांची वर्णने त्या टिपणांत होती. त्यांत एका मोठ्या तोंडाच्या, अंगभर ठिपके असलेल्या माशाचे अरबी नाव टिपलेले होते : तौविना. या एका नावाभोवती पुढे दोन शतके जो गोंधळ झाला, तो समजून घ्यायचा तर त्या माशाच्या साऱ्या गोतावळ्याचा इतिहास पाहावा लागतो.

३/
हा गोतावळा मराठी माणसाला परका नाही. इंग्रजीत ज्याला ग्रूपर किंवा रॉककॉड म्हणतात तो मुंबईच्या बाजारातला हेकरू, मालवण-गोव्याकडचा गोबरा. जाड ओठ, पुढे आलेला खालचा जबडा, पाठीवर काटेरी पर आणि खडकाच्या कपारीत दबा धरून बसण्याची सवय, ही त्याची ओळख. जगात याच्या सुमारे १६० जाती आहेत. त्यांचे आप्त कोण, ‘सी-बास’ म्हणवणारे मासे त्यांचे भाऊ की केवळ नावबंधू, हा प्रश्न वरवर सोपा दिसतो. तो सोडवायला अडीचशे वर्षे लागली, आणि त्या उत्तराचे बरेचसे टप्पे मृतांच्या अपूर्ण हस्तलिखितांतून पुढे सरकले.

४/
पहिला मृत म्हणजे पेटर आर्टेडी. उप्सालाच्या विद्यापीठात तो आणि कार्ल लिनियस हे जिवलग मित्र होते. सृष्टीचे वर्गीकरण दोघांनी वाटून घेतले होते, आणि जो मागे राहील त्याने दुसऱ्याचे काम पुरे करावे, असे त्यांचे ठरले होते. सप्टेंबर १७३५ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, आर्टेडी रात्री घरी परतताना ॲमस्टरडॅमच्या कालव्यात पडून बुडाला. ज्याने आयुष्य माशांना दिले त्याला पाण्यानेच नेले. लिनियसने वचन पाळले. त्याने हस्तलिखिते मिळवली आणि १७३८ मध्ये ‘इक्थिओलॉजिया’ हा ग्रंथ छापला. मत्स्यशास्त्राचा पाया म्हणून आजही त्याचेच नाव घेतले जाते.

५/
१७५८ मध्ये लिनियसने ‘सिस्टिमा नॅच्युरी’ या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत प्राण्यांना दोनपदी नावे दिली : पहिले पद वंशाचे, दुसरे जातीचे. माशांच्या पोटाकडच्या परांची जागा पाहून त्याने त्यांचे गट पाडले. युरोपातील नद्यांमध्ये राहणारा पर्च हा काटेरी मासा ‘पर्का’ वंशाचा मानकरी ठरला. त्याच वंशात लिनियसने भूमध्य समुद्रातले काही सी-बास आणि अटलांटिकमधला एक ग्रूपरही घातला. पाठीवर काटे, छातीखाली पर, अंगावर खरखरीत खवले एवढे जुळले की तो पर्का. नदीतला मासा आणि प्रवाळातला मासा असे एका घरात राहू लागले.

६/
फोर्सकाल या लिनियसचाच शिष्य. तो स्वभावाने बंडखोर होता. नागरी स्वातंत्र्यावर त्याने १७५९ मध्ये लिहिलेल्या पुस्तिकेवर स्वीडनमध्ये बंदी आली होती. अरबस्तानात त्याने एक वेगळी गोष्ट केली. नव्या माशांना लॅटिन विशेषणे देण्याऐवजी कोळ्यांच्या तोंडची अरबी नावेच त्याने अनेकदा जातिनाम म्हणून घेतली. तौविना, सुम्माना, लौती ही नावे आजच्या शास्त्रीय यादीतही टिकून आहेत. माशाची अर्धी कातडी सोलून, वाळवून, वनस्पतीप्रमाणे कागदावर चिकटवण्याची त्याची रीत होती. असा त्याचा ‘माशांचा हर्बेरियम’ कोपनहेगनच्या संग्रहालयात अजून आहे.

७/
१७७५ मध्ये नीबुरने ही वर्णने कोपनहेगनला छापून घेतली. वहीचा कर्ता बारा वर्षांपूर्वी येमेनच्या मातीत गेला होता. वर्णने नेमकी होती, पण थोडक्यात होती. मनात शंका आली तर विचारायला कर्ता हयात नव्हता. ‘पर्का तौविना’ म्हणजे नक्की कोणता मासा, हा प्रश्न त्या दिवसापासून उघडा राहिला.

८/
पुढचा अध्याय बर्लिनमधला. मार्कुस एलीएझर ब्लॉख हा ज्यू वैद्य पन्नाशी उलटल्यावर माशांच्या मागे लागला आणि ४३२ रंगीत चित्रांचा महाग्रंथ त्याने सिद्ध केला. भारतातले मासे त्याला तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगंबाडीहून मिळत. तिथल्या डॅनिश वसाहतीतला मिशनरी क्रिस्टोफ सामुएल योन ते त्याला पाठवी. १७९३ मध्ये ब्लॉखने एक नवा वंश उभा केला : एपिनेफेलस. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘ढगाळलेला’. या माशांच्या डोळ्यांवर एक पडदा असतो, अशी त्याची समजूत होती. समजूत चुकीची ठरली, नाव मात्र राहिले. आज जगातले बहुसंख्य हेकरू याच ढगाळ नावाने ओळखले जातात.

९/
ब्लॉख १७९९ मध्ये वारला. त्याचे अपुरे हस्तलिखित भाषापंडित योहान गोट्लोब श्नायडर याने १८०१ मध्ये पुरे करून छापले. त्यात माशांचे वर्ग परांच्या संख्येवरून पाडले होते : अकरा परांचे, दहा परांचे, नऊ परांचे. नाती समजण्यासाठी ही पद्धत जवळजवळ निरुपयोगी होती. तरी आपल्या किनाऱ्यावरच्या एका मोठ्या हेकरूचे ‘मलबारिकस’ हे नाव याच ग्रंथात प्रथम उमटले. चौकट मोडली तरी तिच्यात ठेवलेली वस्तू टिकते, याचा अनुभव या इतिहासात वारंवार येतो.

१०/
याच सुमारास भारतातही दोन वैद्य कामाला लागले होते. पॅट्रिक रसेलने विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावरील दोनशे मासे तेलुगू नावांसह १८०३ मध्ये प्रसिद्ध केले. फ्रान्सिस हॅमिल्टनने बंगालची पाहणी करताना नद्यांतले आणि खाडीमुखांतले मासे नोंदवले. त्याचा ग्रंथ १८२२ मध्ये निघाला. खाडीच्या पाण्यात शिरणाऱ्या एका हेकरूला त्याने ‘कोइऑइडिस’ म्हटले, म्हणजे बंगाली ‘कोई’ माशासारखा दिसणारा. हॅमिल्टनने नमुने जपून ठेवले नव्हते. त्यामुळे हे नाव पुढे जवळजवळ विस्मरणात गेले. ते लक्षात ठेवावे, कारण तौविनाची गाठ शेवटी त्याच्याशीच पडते.

११/
पॅरिसमध्ये झॉर्झ क्युव्हिएने शवविच्छेदनाच्या आधारे माशांची नव्याने मांडणी केली. कल्ल्यांवरच्या झाकणाची कड करवतीसारखी दातेरी असते, म्हणून करवतीच्या लॅटिन शब्दाशी नाते सांगणारे ‘सेरॅनस’ हे नाव त्याने वंशाला दिले. त्यात त्याने तीन गट केले : खास सेरॅन, नाजूक रंगीत बार्बिए आणि दांडगे मेरू, म्हणजे ग्रूपर. क्युव्हिए १८३२ मध्ये गेला. त्याचा सहकारी व्हालांसिएन याने १८४९ पर्यंत ग्रंथाचे काम चालू ठेवून ते बावीस खंडांपर्यंत नेले. मागे राहिलेल्याने वही पुढे न्यायची, हा क्रम चौथ्यांदा घडला.

१२/
१८३९ मध्ये विल्यम स्वेन्सनने या गटाला कुलाचा दर्जा दिला : सेरॅनिडी. तरी सर्वांनी तो लगेच मानला नाही. भारतीय माशांवरचा फ्रान्सिस डे याचा प्रमाणग्रंथ १८७५ ते १८७८ या काळात निघाला. त्यात आपले हेकरू पर्चच्याच कुलात, ‘सेरॅनस’ नावाखाली आढळतात. पुढे अग्रक्रमाच्या नियमाने ब्लॉखचे ‘एपिनेफेलस’ परत आले, आणि सेरॅनिडी हे कुल पाहता पाहता फुगत गेले. ज्या काटेरी माशाला ठळक वेगळेपण नाही, ज्याची जागा कुठे लागत नाही, तो या कुलात जाऊन पडे. घराच्या माळ्यावर जसे सामान साठते, तसे हे कुल भरत गेले.

१३/
त्या माळ्यावर एक ओळखीचा मासाही होता : जिताडा. रायगडच्या खाड्यांत आणि शेततळ्यांत मानाने वाढवला जाणारा हा मासा इंग्रजीत ‘एशियन सी-बास’ म्हणवतो. विसाव्या शतकात बराच काळ अनेक ग्रंथांत तो सेरॅनिडी कुलातच दाखवला जाई. म्हणजे पुस्तकांच्या लेखी जिताडा आणि हेकरू एकाच गोत्राचे. कोळणीला मात्र हे दोन मासे कधीच भाऊ वाटले नसावेत. दोघांची नावे, दोघांचे पाणी, दोघांची चव वेगळी.

१४/
१९६६ मध्ये विल्यम गॉस्लाइनने हा माळा झाडायला घेतला. ‘यांच्यात अमुक नाही’ या आधारावर कुल उभे राहू शकत नाही. ‘यांच्यात अमुक आहे’ असे एखादे लक्षण हवे, अशी त्याच्या कामाची दिशा होती. ते लक्षण त्याला कल्ल्यांच्या झाकणाच्या हाडावर सापडले : एक मुख्य काटा, त्याच्या वर एक, खाली एक, असे तीन काटे. ज्यांच्याकडे हे तीन काटे नाहीत ते कुलाबाहेर गेले. जिताडाही गेला. १९८३ मध्ये डेव्हिड जॉन्सनने शेपटीच्या सांगाड्यातली काही लक्षणे त्यात जोडून कुलाची बाजू भक्कम केली.

१५/
जॉन्सनचा तो निबंध एका जपानी माशावर होता : निफॉन. त्याच्या कुलनामाचा वाद जुना होता. हाडांची बारकाईने तुलना करून जॉन्सनने ठरवले की हा ग्रूपरांच्या शाखेतला सर्वांत आदिम सदस्य आहे. युक्तिवाद सुसंगत होता आणि सुमारे दोन दशके मान्यही झाला. कुलाच्या मुळाशी निफॉन, त्यावर सेरॅन, अँथियास आणि ग्रूपर अशा तीन फांद्या. चित्र सुबक होते.

१६/
२००७ मध्ये लिओ स्मिथ आणि मॅथ्यू क्रेग यांनी डीएनएच्या आधारे तेच चित्र पुन्हा तपासले. त्यांनी केवळ सेरॅनिडी कुलातले मासे घेतले नाहीत. दूरचे वाटणारे, परक्या कुलांतले मासेही मोठ्या संख्येने तुलनेत घेतले. निष्कर्ष असा निघाला की सेरॅनिडी हे एक कुल नाहीच. ग्रूपरांची शाखा आणि सेरॅनची शाखा वेगवेगळ्या ठिकाणी उगवलेल्या आहेत. निफॉन तर ग्रूपरांपासून तुटून नदीतल्या पर्चच्या शेजारी जाऊन बसला. १८७४ मध्ये ब्लीकरने सुचवलेले ‘एपिनेफेलिडी’ हे नाव ग्रूपरांसाठी स्वतंत्र कुल म्हणून पुन्हा जिवंत झाले. पुढे अँथियास आणि अंगाचा चिकट विषारी स्राव फेसाळणारे साबणमासे यांनाही वेगळी कुले मिळाली.

१७/
यातला एक भाग विलक्षण आहे. क्युव्हिएने १८२८ च्या सुमारास केलेले तीन गट (सेरॅन, बार्बिए, मेरू) आजच्या तीन कुलांशी बऱ्याच अंशी जुळतात. गट त्याने अचूक ओळखले होते. ते एका आईची लेकरे आहेत हे गृहीत तेवढे ढासळले. जिताड्याची गोष्ट याहून पुढची. डीएनएच्या साक्षीने त्याचे नाते हेकरूपेक्षा हलव्याशी आणि जमिनीला चिकटून राहणाऱ्या चपट्या लेप्याशी अधिक जवळचे ठरते. ताटात शेजारी बसणारे आणि वंशवृक्षावर शेजारी बसणारे यांचा काही संबंध नसतो, हे यावरून पटावे.

१८/
या फुटीची एक खूण फार पूर्वी दिसली होती. ‘खान्ना’ नावाच्या माशात मादीच आढळते, नर मिळतच नाही, असे ॲरिस्टॉटलने लिहून ठेवले होते. हा मासा भूमध्य समुद्रातला सेरॅन असावा असे मानतात. १७८७ मध्ये नेपल्सच्या फिलिप्पो काव्होलिनीने त्याचे उत्तर दिले : सेरॅनच्या एकाच देहात नर आणि मादी या दोहोंची इंद्रिये एकाच वेळी नांदतात. ग्रूपरांची तऱ्हा वेगळी. त्यांतले बहुतेक आयुष्याची सुरुवात मादी म्हणून करतात आणि त्यांपैकी काही मोठे झाल्यावर नर होतात. प्रजननाचा असा मूलभूत फरक एका कुलाच्या पोटात दीडशे वर्षे निमूट राहिला.

१९/
आता तौविनाकडे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिंगापूरपासून कुवेतपर्यंत ग्रूपर पाळण्याचे प्रयोग सुरू झाले. पाळलेल्या माशाला अहवालांत ‘एपिनेफेलस तौविना’ म्हटले गेले. जॉन रँडल आणि फिलिप हीम्स्ट्रा यांनी १९९१ मध्ये हिंद-प्रशांत महासागरांतील ग्रूपरांची आणि १९९३ मध्ये अन्न व कृषी संघटनेसाठी जगातील साऱ्या ग्रूपरांची छाननी केली. फोर्सकालचा तौविना हा स्वच्छ पाण्यातल्या प्रवाळांचा रहिवासी. तळ्यांत आणि पिंजऱ्यांत वाढणारा मासा बहुधा हॅमिल्टनचा, खाडीत शिरणारा कोइऑइडिस, क्वचित मलबारिकस. अनेक वर्षांची वाढ, खाद्य आणि प्रजनन यांची निरीक्षणे भलत्याच माशाच्या नावावर जमा झाली होती.

२०/
नाव चुकले म्हणून माशाचे काय बिघडते, असे कोणी विचारील. ग्रूपर सावकाश वाढतात आणि बरेच जगतात. अनेक जाती वर्षातून मोजके दिवस, चंद्राच्या ठरावीक तिथींना, ठरावीक जागी हजारोंनी जमून अंडी घालतात. ती जागा कोळ्याला कळली की काही हंगामांत सारा जमाव उपसला जातो. मोठे मासे आधी पकडले गेले तर नर संपतात. १७९२ मध्ये ब्लॉखनेच वर्णिलेला कॅरिबियन समुद्रातला नासाऊ ग्रूपर असाच अतिसंकटग्रस्त यादीत पोहोचला. केमन बेटांवर मात्र त्याच्या जमावांच्या मोसमात मासेमारी थांबवण्यात आली, आणि पंधरा वर्षांत त्याची संख्या सुमारे तिपटीने वाढली. हे शक्य झाले, कारण कोणता मासा, कुठे, केव्हा, हे नेमके ठाऊक होते. ज्याचे नाव निश्चित नाही त्याची मोजदाद होत नाही, आणि ज्याची मोजदाद नाही त्याचे नाहीसे होणे कोणाच्या ध्यानात येत नाही.

२१/
भारताच्या सागरी उत्पादनाच्या आकडेवारीत हेकरूच्या विविध जाती ‘रॉककॉड’ या एकाच ओळीत येतात, आणि ती ओळ ज्या शीर्षकाखाली येते ते आहे ‘पर्चेस’. लिनियसची १७५८ ची पेटी बंदरावरच्या नोंदींत अशी अजून उघडीच आहे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ट्रॉलरच्या जाळ्यात येणारा लहान डायाकँथस आणि माणसाच्या उंचीला टेकू शकणारा मलबारिकस या दोघांचे आयुष्यमान, वाढ, वीण यांत मोठे अंतर आहे. एकत्र आकड्यात एक जात घटत असताना दुसरीच्या भरीने बेरीज तीच दिसू शकते.

२२/
आर्टेडी, फोर्सकाल, ब्लॉख, क्युव्हिए यांपैकी कोणालाही आपली वही पूर्ण झालेली पाहता आली नाही. मागे राहिलेल्यांनी ती प्रामाणिकपणे छापली. त्यांच्या मागून आलेल्यांनी तेवढ्याच प्रामाणिकपणे ती खोडली आणि सुधारली. सेरॅनिडी कुल फुटले यात कोणाचा पराभव नाही. तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर एका कोळ्याने उच्चारलेले ‘तौविना’ हे नाव दोन शतकांनंतर योग्य माशाकडे परतले, ते याच खोडाखोडीमुळे. हेकरूची वही मात्र अजून अपुरी आहे, आणि तिचे पुढचे पान संग्रहालयांइतकेच बंदरांवरच्या मोजणीत लिहिले जायचे आहे.